न रंगवलेला समुद्र

काळ्याभोर पडद्यावरून फिरता फिरता माऊसच्या बाणाचा मध्येच पंजा झाला, आणि चटका बसावा तसा सिन्नेने माऊस सोडून दिला.

तसं पाहिलं तर दचकण्यासारखं काही नव्हतं. नकाशावरच्या होडीवर बाण गेला की त्याचा पंजा होतो, हे तिला ठाऊक होतं. पण नकाशा दिसत कुठे होता? सकाळी तिनेच संगणकाचं ग्राफिक्स अपडेट केलं, आणि तेव्हापासून समुद्रातल्या होड्या दाखवणारा तो नकाशाचा प्रोग्रॅम उघडला की वर मेनू, खाली तारीख आणि मध्ये नुसता काळोख. बाहेरही तेच. डिसेंबरात दूर उत्तरेच्या या बेटावर भर दुपारीसुद्धा सूर्य डोकं वर काढत नाही. खिडकीत टांगलेल्या, आत दिवा असलेल्या नाताळच्या कागदी चांदणीचा काय तो उजेड, आणि तीही आता फटीतून घुसणाऱ्या वाऱ्याने काचेवर टकटक करू लागली होती.

त्या वाऱ्याचीच तर धास्ती होती. रात्री येणार म्हणून सांगितलेलं वादळ दुपारीच दाराशी आलं होतं, आणि तिचा थोरला भाऊ आयलर्ट 'हावर्न' होडी घेऊन एकटाच बाहेर होता. त्याला माघारी बोलवायचं, तर तो होता कुठे? होडीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र इथले कोळी मासेमारीच्या वेळी बंदच ठेवतात. आपली जागा दुसऱ्याला कळली की ती आपली राहत नाही. रेडिओवर तर जागेचं नाव मेलं तरी घ्यायचं नाही. आजोबा सांगायचे, बुडून मेलेले कोळी अर्ध्या होडीतून वल्ही मारत हिंडतात, आणि नाव कानावर पडलं की त्या जागी येतात. वारा वाढला की यंत्र चालू करीन, मग बघत बस मला डोळे भरून, असं तो जाताना म्हणाला होता. वर ‘भित्री भागूबाई’ म्हणून तिची वेणीही ओढली होती.

रेडिओवर ती त्याला कधीची हाका मारत होती. उत्तर म्हणून नुसती खरखर.

दुसऱ्या कानाला फोन होता. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांच्या मदतकक्षातला हालवार दूर बर्गेन शहरातून बोलत होता, तोंडात पावाचा घास ठेवून. तिने बंद करून पुन्हा चालू करून पाहिलं होतं, संगणकाला जोडलेला दुसरा पडदा काढून पाहिला होता. ते तर सगळं जगच करतं, असं म्हणून त्याने समजावलं की चित्र काढायचं काम प्रोग्रॅम ग्राफिक्स कार्डावर सोपवतो, आणि या नव्या अपडेटशी त्याचं पटत नाहीये.

"घाबरतेस कशाला? किनारा, खडक, होड्या... सगळं जागच्या जागी आहे तिथे. रंगवायला तेवढं कोणी नाही."

सिन्नेने माऊस पुन्हा हातात घेतला. नकाशा तिला तोंडपाठ होता. हे बंदर, हे दीपगृह, आणि पंजा झाला तो... सालग्रुन्न. आजोबांपासून चालत आलेली घरची मासेमारीची जागा, पाण्याखालच्या खडकाची. म्हणजे आयलर्टने यंत्र चालू केलं होतं. मग तो बोलत का नव्हता?

तिने रेडिओचं बटण दाबलं.

"हावर्न, हावर्न... आयलर्ट, सालग्रुन्नवरून निघ. ऐकतोयस ना? सालग्रुन्न सोड आणि घरी ये..."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. अख्ख्या समुद्राने ऐकलं असणार.

खरखर थांबली. कुणीतरी बटण दाबून काही न बोलता बसावं, तशी शांतता. मग त्या शांततेत पाण्याचे चुबुक चुबुक आवाज... आणि पुन्हा खरखर.

"आहेस ना?" हालवारने विचारलं. मग त्याने तिला सेटिंगमध्ये नेलं. ग्राफिक्स कार्डाकडून काम काढून घ्यायची खूण करायला लावली, प्रोग्रॅम बंद करून उघडायला लावला. क्षणभर काळोख, आणि मग नकाशा उमलला. निळा समुद्र, पिवळा किनारा, बारीकसारीक बेटंसुद्धा.

होडी मात्र एकही नव्हती.

"सालग्रुन्नवर बघ ना," ती म्हणाली. "तिथे होती..."

हालवारने आपल्या संगणकावर तपासलं. तिथे कोणी नव्हतं. हावर्नचं यंत्र सकाळपासून बंदच होतं.

सिन्नेने बाण हळूहळू त्या निळ्या, रिकाम्या पाण्यावर नेला.

पंजा झाला.

तिने त्याला सांगितलं. पलीकडचं चावणं थांबलं. "असं... व्हायला नको," तो इतकंच म्हणाला.

ती रेडिओवर ओणवी झाली. हावर्न, हावर्न... ती हाका मारत राहिली. कुठूनसा कुजक्या समुद्रगवताचा वास खोलीत भरला होता.

आणि एकदाचा आयलर्ट बोलला. अगदी दबक्या आवाजात, ओठ रेडिओला टेकवून बोलावं तसा.

"सिन्ने... आपली जागा कुणाला सांगितलीस गं? माझ्या शेजारी होडी येऊन लागलीय. दिवे नाहीत. सगळे वल्ही मारतायत, कोणी मान वर करत नाही... आणि होडी अर्धीच आहे."