वीतभर उंच

हिवाळ्याच्या सकाळी वृषालीच्या प्लॉटवरून वाफ निघायची.

बेला गावच्या त्या नव्या वस्तीत बाकी सगळ्या प्लॉटांवर दहिवर पडलेलं असायचं. तिच्या एकटीच्या जमिनीच्या खालच्या कोपऱ्यातून मात्र गरम चहाच्या कपातून निघावी तशी वाफ. त्या रविवारी ती स्वेटरच्या बाह्या वर सारून तिथे बसली होती आणि चिखलात थर्मामीटर खोचत होती. तेवढ्यात रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली.

"काय हरवलं, मॅडम?"

"काही नाही."

"मंग शोधून काय राह्यल्या?"

"शोधत नाहीये. मोजतेय."

तो गाडीवरून उतरून कडेपर्यंत आला. गाडीच्या मागे काळ्या प्लास्टिकच्या पन्नीचा जाड गुंडाळा बांधलेला होता. चिखलातून वर आलेल्या काचेच्या नळीकडे त्यानं गंभीरपणे पाहिलं.

"जमिनीले ताप आला का?"

विनोद काही फार चांगला नव्हता, असं वृषालीनं ठरवलं. पण थर्मामीटरचा आकडा तिला पुन्हा वाचावा लागला.

"खाली झरे आहेत," ती म्हणाली. "आतलं पाणी बाराही महिने साधारण सारखंच असतं. आता गरम लागतं, उन्हाळ्यात गार."

"म्हणजे पाणी तेच... माणूसच बदलते."

"हवा बदलते," वृषालीनं दुरुस्ती केली.

तो हसला. ओठांच्या आधी त्याचे डोळे हसत, हे तिनं पाहिलं, आणि मग थर्मामीटर चिखलातून काढून दोनदा पुसला.

त्याचं नाव हर्षदीप. इचोड्याला हमरस्त्यावर त्याचं पाइप आणि पन्नीचं दुकान होतं. शेततळं खणायचं, त्यात पन्नी अंथरायची, पाणी भरून द्यायचं, हा त्याचा धंदा.

"मला तळंच करायचं आहे," वृषाली म्हणाली.

"घराच्या प्लॉटात?"

"घर व्हावं म्हणूनच."

वृषाली गावातल्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. हा प्लॉट तिनं स्वतःच्या पगारातून घेतला होता, तोही भर वैशाखात. सगळीकडे करपलेलं असताना इथे हिरवंगार गवत होतं, म्हणून तिला तो आवडला. विज्ञानाच्या बाईला त्या हिरव्या रंगाचं कारण तेव्हाच सुचायला हवं होतं. पायाची नाली खोदली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यात शेजारची बदकं पोहत होती.

तिचे वडील दौलतराव महसूल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. "दस्तावेज साफ आहे, रकबा बरोबर आहे," ते म्हणायचे, "पण जमीनच सरकारी हुकूम मानत नाही, त्याले काय करता?" शेजारच्या प्लॉटचे मालक नागनाथ सेठ कापसाचे व्यापारी. त्यांना ही जागा मुरूम टाकून ट्रक उभे करायला हवी होती. शेवटी बापलेकीत ठरलं. होळीनंतरच्या रविवारी प्लॉटच्या मधोमध खड्डा खणायचा. रात्रीतून त्यात पाणी आलं, तर सेठकडून विक्रीचा इसार घ्यायचा. नाही आलं, तर पाया टाकायचा.

वृषालीचा हिशेब सरळ होता. खालच्या कोपऱ्यात तळं खणलं, की झरे तिकडे वळतील. तळ्याला पाइप लावून जास्तीचं पाणी नाल्यात सोडलं, की वरची जमीन कोरडी होईल.

जेसीबीनं खड्डा झाला. हर्षदीप पन्नी घेऊन आला.

"याला पन्नी नको," वृषाली म्हणाली. "खालून पाणी आहे. ते वर ढकलेल."

"मॅडम, आतापर्यंत माझ्या एकाही तळ्याची पन्नी हालली नाही. वरून पाणी भरलं की गपचूप बसते ते."

"ती तळी कोरड्या शेतातली."

"तुमी शाळेत शिकवा ना... इथं मले शिकवू द्या."

दौलतरावांनीही त्याचीच बाजू घेतली. तळं म्हटलं की पन्नी, हे त्यांनी सगळ्या तालुक्यात पाहिलं होतं. वृषाली बाजूला झाली. तिचा मुद्दा मांडून झाला होता. उरलेलं काम पाणी करणार होतं.

पन्नी अंथरून पाणी भरलं. दुसऱ्या सकाळी तळ्याच्या मधोमध काळी पन्नी पुरीसारखी टम्म फुगून वर आली होती. बघ्यांची गर्दी जमली. पलीकडच्या घरातल्या तुळजाबाई हातातलं काम टाकून आल्या.

"माय वं! म्हैस बसली का काय पाण्यात?"

"म्हैस नाही, मावशी, इचोड्याचं दुकान आहे," गर्दीतून कोणीतरी बोललं.

नागनाथ सेठ हात मागे बांधून हसले. "दौलतराव, घर बांधून राह्यले का गावाले चेरुवु, मोठा तलाव देऊन राह्यले?"

हर्षदीप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला आणि त्या फुगवट्यावर चढला. फुगवटा त्याच्याखालून सरकून बाजूला गेला. तो तिकडे गेला. फुगवटा इकडे आला. मग तो पाण्यात बसलाच... छातीपर्यंत.

आणि वृषाली हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न धरता. स्वतःच्या हसण्याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

तो तसाच ओला बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. "आता सांगा. काय करू?"

"फाडावी लागेल."

त्यानं गर्दीकडे पाहिलं. यातल्याच माणसांच्या शेतात त्याला पुढच्या हंगामात तळी करायची होती. मग खिशातून कटर काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. म्याच आयकलं नाही." पन्नी त्यानं स्वतःच्या हातानं फाडली. आतून पाणी बुडबुडत वर आलं.

चूक झाली, हे इतक्या स्वच्छ आवाजात बोलणारा माणूस वृषालीनं स्टाफरूममध्ये तरी पाहिला नव्हता.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. काळी माती उभ्या काठाला टिकत नाही, म्हणून त्यानं काठ उतरते केले आणि त्यावर दगड बसवले. कॉलेज सुटलं की वृषाली यायची. पाइपची उंची ठरवायला एक पारदर्शक नळी होती, पाणी भरलेली. एक टोक तिच्या हातात, दुसरं पलीकडच्या काठावर त्याच्या हातात. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की ती उंची सारखी.

"थांबलं का?" त्यानं पलीकडून विचारलं.

"नाही. अजून हलतंय."

"माझ्याकडून तर हात हालून नाही राह्यला."

"...माझाही नाही."

"मंग पाणी काऊन हालते, मॅडम?"

वृषालीनं खाली वाकून खडूनं दगडावर खूण केली. त्या खुणेवर त्यानं पाइप बसवला.

तळं भरलं. पाण्याचा तळ दिसेल इतकं नितळ. होळी झाली. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या बुधवारी हर्षदीपनं सहज म्हणून प्लॉटच्या मधोमध एक खड्डा खणून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी होतं.

"असं कसं झालं?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "असा पाझर तर पाइपनं निघून जायले पाह्यजे." त्यानं ती नळी आणली, एक टोक खड्ड्यात धरलं. "तुमी पाइपापाशी धरा."

वृषाली पाइपापाशी गेली. नळी हातात धरली. पाणी लगेच स्थिर झालं.

आपलं टोक खड्ड्यात रोवून तो तिच्याजवळ आला आणि नीट बघत राहिला. पाइप हवा होता त्याहून वीतभर उंच होता. तो वीतभर खाली असता, तर तळं तेवढं खाली राहिलं असतं आणि जमीन सुकली असती.

"मॅडम... तुमची खूण चुकली."

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चुकली नाही. मी वर केली."

नाल्याकडून टिटवी ओरडली. वृषालीचे कान तापले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "पाइप बरोबर बसला असता, तर जमीन सुकली असती. काम त्याच आठवड्यात संपलं असतं. तुम्ही परत यायचं काही... म्हणजे, मला वाटलं थोडे दिवस लांबवू, मग खाली घेऊ. मग रोज वाटायचं, उद्या घेऊ."

"अन् घर?"

"तेच." आता मात्र तिचा आवाज हलला. "रविवारी बाबा इसार घेतील. माझं घर मीच बुडवलं."

हर्षदीपनं नळी गुंडाळून खांद्यावर टाकली. कुठेतरी दूर पाहत म्हणाला, "तो उत्तरेकडचा काठ आहे ना... तो म्या दोन येळा खोलून पुन्हा बांधला. पहिल्यांदाच चांगला झाला होता."

वृषालीनं त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ. यावेळी नजर तिनं काढून घेतली नाही.

"पाना आहे का?" तिनं शेवटी विचारलं.

दोघांनी मिळून पाइप उपसला, दगड सरकवले, वीतभर खाली पुन्हा बसवला. कुठे कोणाचा हात कोणाच्या हातावर पडला, याची नोंद घेण्याइतकं दोघांकडे भान नव्हतं. पाणी जोरात नाल्याकडे निघालं, आणि दिवसरात्र वाहत राहिलं.

रविवारी दौलतराव शनिवारी खणलेल्या नव्या खड्ड्याच्या कडेला उभे राहिले. शेजारी नागनाथ सेठ. तळाशी ओल होती, पाणी नव्हतं. दौलतरावांनी काठी खाली टेकवली, वर काढली, टोक बोटानं चाचपलं.

"आज नाही," सेठ म्हणाले. "पावसाळ्यात पाहा."

"पावसाळ्यात या ना, सेठ. ओट्यावर बसून चहा घेऊ."

सेठ गेले. हर्षदीप फावडी-घमेली गाडीला बांधत होता. गाठ जरा जास्तच घट्ट मारत होता.

"झालं मंग काम, मॅडम."

"हो."

"आता या रस्त्याले यायचं काही कारण नाही."

"नाही."

त्यानं किक मारायला पाय उचलला आणि तसाच ठेवला.

"बाबा," वृषालीनं वळून हाक मारली. "हर्षदीप आज आपल्याकडे जेवायला येताहेत. आईला फोन करा."

दौलतरावांनी लेकीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "आज काऊन?"

"त्यांना तुमच्याशी बोलायचं आहे."

"मले?" हर्षदीपच्या तोंडून निघालं.

"हो," ती म्हणाली, आणि त्याच्या गाडीवर मागे बसली. "काय बोलायचं ते वाटेत सांगते."