लाल बूट

"तो माझ्या बोलण्यामुळे मेला का, एवढंच शोधून द्या," समोर बसलेली बाई म्हणाली. चहा तिनं नुसताच हातात धरून ठेवला होता.

वहिनी खासगी तपासाची कामं करायच्या. सगळा गाव त्यांना वहिनीच म्हणायचा. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावजी, त्यांची गाडी चालवायचे. आपण डोकंही चालवतो असं भावजींचं मत होतं. वहिनींचं नव्हतं.

बाईचा भाऊ मत्स्यालयात मासे सांभाळायचा. आईच्या शेवटच्या आजारपणात तो फिरकला नाही, म्हणून बहिणीनं फोनवर सुनावलं, "आजपासून तू मला मेलास." दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथल्या किनाऱ्यासारख्या सजवलेल्या टाकीत पालथा सापडला. डोक्याला खोक, फुप्फुसांत पाणी. लाल गमबूट दाराशी औषधाच्या पाण्यात जोडीनं ठेवलेले, मनगटी घड्याळ खुंटीला. पोलिसांनी माना हलवल्या. माणूस सगळं आवरून मरायला गेला.

"देह ताब्यात मिळाला तेव्हा काही वेगळं दिसलं?" वहिनींनी विचारलं.

"पाय पुसले मी त्याचे. लहानपणी पुसायचे तसे. तळव्यांवर साधा ओरखडा नव्हता हो." तिनं कप खाली ठेवला. "त्याच पायांनी दारात आला असता, तर मी काय उघडलं नसतं?"

मत्स्यालय त्या दिवशी लोकांना बंद होतं. जवळच्या किनाऱ्यावर जे जगतं, तेवढंच तिथे ठेवलेलं. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, खारफुटीच्या मुळांतले खेकडे, आणि मधोमध खोलीएवढी उघडी टाकी. तिच्या चारही कडांना खडक, खडकावर कालवांचा खच. खोल पाणी फक्त मध्यभागी. तो तिथेच सापडला होता. छताला रूळ होता आणि त्याला मोठे मासे उचलून न्यायची कापडी झोळी लटकत होती.

भावजींनी खडकावर हात टेकला आणि "आई गं!" करत बोट तोंडात घातलं.

"कालवं आहेत ती, भावजी. उशी नाही."

संचालक आले. "भला माणूस होता," म्हणत त्यांनी अंगठी-घड्याळासकट हात पाण्यात घातला आणि तारामासा उचलून दाखवला. "मुलांना फार आवडतो हा."

"इथे कधी रोगराई?"

"शुभ बोला हो! साथ निघाली तर सगळे जीव मारून टाक्या रिकाम्या कराव्या लागतात, नियमच आहे. आपल्याकडे तसलं काही नाही."

पंपवाला चिखलाच्या बुटांसकट टाकीत उतरून जाळी खरवडत होता.

"त्याच्याशी भांडण होतं म्हणे?" वहिनींनी विचारलं.

"रोजचंच! बूट बदल, बूट बदल. लाल बूट आजारी माशांच्या खोलीचे, निळे बाहेरचे. मी आपला एकाच जोडीत संसार करतो." तो हसला आणि लगेच ओशाळला. "माशांच्या डॉक्टरीणबाई तर मला बघून कपाळावर हात मारतात. आता त्या खोलीचं पाणीसुद्धा बाहेर सोडू देत नाहीत."

डॉक्टरीणबाई बारीक होत्या, डोळे जागरणानं ओढलेले. बोलता बोलता भावजींचा हात पाण्याकडे गेला. बाईंनी बोलणं न थांबवता त्यांचं मनगट धरलं, घड्याळाचा पट्टा सोडवला आणि नळाकडे बोट केलं.

"आधी हात धुवा. साबण नको."

"आजारी खोली बघू?" वहिनी म्हणाल्या.

"नको. नवे मासे बुजतात." मग हळूच, "तो फार उदास असायचा. घरचं कुणी विचारत नव्हतं म्हणे."

गाडीत भावजींनी निकाल देऊन टाकला. "खून असेल तर पंपवाला. भांडण होतं, अंगात ताकदही आहे."

"जो स्वतःचे बूट काढत नाही, तो दुसऱ्याचे काढेल? गाडी चालवा."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं. बहीण होती, इन्स्पेक्टरही होते.

"तो अनवाणी आत गेला असता, तर कालवांनी तळव्यांची चाळण झाली असती. तळवे कोरे होते. म्हणजे तो चालत गेला नाही. त्याला झोळीतून नेलं. झोळी रुळावरून ढकलायला ताकद लागत नाही."

"मग बूट काढलेच कशाला?" भावजी म्हणाले. "बूट पायात असते तर पाय घसरून पडला म्हणून सगळं खपलं असतं."

"शाबास. बूट काढले म्हणूनच तळवे दिसले. खुन्यानं स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. का? कारण ते डोक्यानं केलंच नव्हतं. हातांनी केलं, सवयीनं. लाल बूट टाकीत जाता कामा नयेत, घड्याळ जाता कामा नये. संचालक अंगठीसकट हात घालतात. पंपवाला बुटांसकट उतरतो. हातात माणूस असतानाही तारामाशांची काळजी घेणारं इथे एकच माणूस आहे."

वहिनी डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"लाल बूट म्हणजे तो शेवटी आजारी खोलीत होता. तिथलं पाणी कोंडून ठेवलंय, तिथे कुणाला जाऊ देत नाहीत. साथ आहे ना तिथे, डॉक्टर?"

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. "पिल्लं होती तेव्हापासून वाढवलेत मी हे मासे. तो कळवायला निघाला होता. सगळे मारले असते. मी फक्त त्याच्या हातातला फोन ओढला, तर तो हौदाच्या कडेवर डोकं आपटून पडला. मेलाच होता तो."

"फुप्फुसांत पाणी होतं. म्हणजे टाकीत सोडलात तेव्हा तो श्वास घेत होता. घड्याळ काढताना तुमची बोटं त्याच्या नाडीवर होती, डॉक्टर."

डॉक्टरीणबाई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. "बुटांना रोग लागला होता," त्या पुटपुटल्या. "टाकीत गेला असता."

इन्स्पेक्टर त्यांना घेऊन गेले. बहीण तशीच उभी होती.

"म्हणजे तो आपणहून नाही गेला?"

"नाही."

"पण माझ्यावर रागावलेलाच गेला?"

"ते मला नाही सांगता येणार."

ती भिंतीला टेकत टेकत खाली बसली. "माझ्या भावाला कुणीतरी मारलं हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं हो, वहिनी." तिनं तोंडावर हात दाबला. "कसली बहीण मी?"

भावजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी ओल्या फरशीवर तिच्याशेजारी जाऊन बसल्या.