उदादचे तीन ठोके

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही. माझ्या गाढवालासुद्धा सांगून पाहिली, त्यानं मान फिरवली. तुम्ही पाहुणे आहात, निदान तोंडदेखलं ऐकाल. भिंतीला नीट टेकून बसा. असा गुळगुळीत गिलावा या डोंगरात दुसरीकडे मिळायचा नाही. आणि तुदावहिनी, तुम्ही चहा ओता, मध्ये बोलू नका.

वर ती बंद खाण दिसते ना, तिथं माझा थोरला भाऊ उदाद कामाला होता. मीही होतो. तिथला दगड फोडला की लसणासारखा वास सुटायचा. तो विषाचा वास, हे आम्हाला ठाऊक होतं. एकदा छत कोसळलं आणि उदाद आतच राहिला. पुढं कंपनी निघून गेली, राखेसारख्या बारीक वाळूचा डोंगराएवढा ढीग ठेवून. पाऊस पडला की ढिगावर गुलाबी बुरशीसारखं काहीतरी फुलायचं. दगड कुजत होता म्हणा ना.

मग गावची विहीर आटली, आणि त्याच वर्षी खाणीच्या तोंडातून झरा फुटला. पाणी काचेसारखं. शेळ्या हुंगून मागं सरल्या, पण वहिनी भांडं भरून घेऊन आल्या.

"तुमच्या भावानं पाठवलंय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ठोके सुरू झाले. वहिनी पाण्याला वाकल्या की आतून, दगडावर दगड आपटल्यासारखे. ठक, ठक, ठक.

आमच्याकडे दार वाजलं की आधी चहा ठेवतात, कोण आलंय ते मागाहून विचारतात. वहिनींनी तेच केलं. त्याच पाण्याचा पुदिन्याचा चहा रोज खाणीच्या तोंडाशी नेऊन ठेवू लागल्या. सकाळी पेला रिकामा. तळाशी गुलाबी थर.

"वहिनी, खाणीत तीन ठोके म्हणजे थांब, पुढं येऊ नको."

"मला नका शिकवू. तिसरा पेला झाल्याशिवाय तुमचा भाऊ कधी उठलाय का?"

तोवर त्यांचे तळवे झाडाच्या सालीसारखे झाले होते. अंगावर काळे ठिपके. बाई डोळ्यांदेखत हातची जात होती. एका दुपारी मी मागोमाग गेलो. वारा पडलेला. वहिनींनी त्याचा पेला खाली ठेवला, आपला ओठांशी नेला.

पेला वाजला. त्यांच्या हातातला.

टिण. टिण. टिण.

मग तडकला. चहा वाळूत जिरला आणि लसणाचा वास आला.

वहिनींनी पेल्याचे तुकडे गोळा केले. "जिवंतपणी कधी आवाज चढवला नाही हो यांनी," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून पाणी खालच्या गावाहून गाढवावर येतं. वहिनी वाचल्या. उदादला शांती लाभली. ठोके बंद झाले, ते कायमचे.

"खोटं!" वहिनींनी किटली खाली आपटली. "बंद कुठं झाले, भावजी? या भिंतींना गिलावा कुठल्या वाळूचा दिलात, ते सांगा की पाहुण्यांना! आणि पाहुणे हो, तुम्ही जरा गप्प बसा. पाठ टेकलीच आहे, तर ऐका."