नाताळची पाहुणी

“दौंडचं चर्च म्हंजी नेमकं कुठलं? ...न्हाई, नाव न्हाई सांगितलं. पांढरी शेवंती पाच वाजायच्या आत पायजे, एवढंच बोलले.”

शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर पिकअपला टेकून एक तरुण फोनवर बोलत होता. चोवीस डिसेंबरची दुपार. दौंडची बस रद्द झाली होती आणि पुढची कधी, ते चौकशीच्या खिडकीतल्या माणसालाही माहीत नव्हतं. मी पुढे झाले.

“दौंडात चर्च एक नाहीये. ऑर्डर कुणी दिली?”

त्यानं फोन कानावरून काढला. “जोसेफ म्हणून कुणीतरी.”

“मग ते आमचंच चर्च. पत्ता मी दाखवते. तुम्ही आम्हा दोघींना न्या.”

“दोघी?”

मी मागे बोट दाखवलं. बाकावर साखरबाई बसल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, मांडीवर कपड्यांचं बोचकं. ऊस भरताना ट्रॉलीवरून पडल्या आणि मी नर्स आहे त्या दवाखान्यात आल्या. दरम्यान त्यांची टोळी तोडीसाठी पाटसकडे गेली. सकाळी डिस्चार्ज मिळाला, पण न्यायला कुणी आलं नाही. मुलाचा फोन बंद. त्या पायरीवर बसून राहिलेल्या बघून मी म्हणून गेले होते, “मी पाटसवरूनच जाते, सोडते तुम्हाला.” म्हणून गेले... आणि तेव्हापासून घड्याळ बघत होते.

“चला,” तो म्हणाला. “मी सत्यजीत. न्हावऱ्याचा.”

“मी मोनिका.”

साखरबाई आमच्या दोघांच्या मधे बसल्या. गाडीभर शेवंतीचा ओला, कडवट वास होता. न्हावरं मागे पडलं, भीमेचा पूल आला, आणि माझा पाय सारखा हलत होता.

“मावशी,” सत्यजीत साखरबाईंना म्हणाला, “ह्या बाईंना सांगा, पाय हलवल्यानं गाडी पळत न्हाई.”

“मावशी, त्यांना सांगा, समोर बघून चालवा म्हणावं.”

“समोरच बघतोय. मधूनमधून आरशात बघावं लागतं, नियम हाय तसा.”

आरसा माझ्या बाजूला वळलेला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले... पण हसू आलंच.

मग मीच सांगितलं. सहा वाजता उपासना. पहिलं गाणं माझं. पप्पा फेब्रुवारीत गेले. हा त्यांच्याशिवायचा पहिला नाताळ आणि घरात आई एकटी. दर वर्षी आज संध्याकाळी पप्पा फराळाची ताटं घेऊन सगळ्या गल्लीत फिरायचे.

“मग यंदा कोण फिरणार?”

“माहीत नाही. मला फक्त घरी पोहोचायचंय.”

चौफुल्याला ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. अर्धा तास आम्ही मुंगीच्या पावलानं सरकत राहिलो.

पाटसच्या अलीकडे, टोळी उतरल्याचा निरोप होता त्या रानात पोहोचलो, तर तोडकऱ्यांच्या झोपड्या, त्या पाचटाच्या कोप्या, नव्हत्या. तीन दगडांच्या काळ्या चुली, पाचटाचा ढीग आणि एक फाटकं गोणपाट. शेजारच्या रानात पाणी देणारा माणूस म्हणाला, टोळी सकाळीच हलली, भिगवणकडं गेली असंल, नक्की कुठं ते ठाऊक न्हाई.

साडेचार वाजले होते. आईचा तिसरा फोन येऊन गेला होता. आणि मी म्हणाले, अगदी सहज, जणू रोजचंच असावं तसं, “इथल्या साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन असेल ना? तिथं बसवू या. मुलगा शोधत येईलच.”

सत्यजीतनं माझ्याकडे पाहिलं. साखरबाईच बोलल्या, “व्हय बाई, ठेव मला तिथं. तुझा सण हाय.”

गेटपाशी त्या उतरल्या. एका हातानं बोचकं सावरत दगडावर बसल्या. वॉचमननं मान हलवली. मी त्यांच्या बोचक्यात बिस्किटाचा पुडा कोंबला आणि गाडीत बसले.

मधली जागा रिकामी झाली होती. रस्ता मोकळा होता, गाडी छान चालली होती, पण पाय पुन्हा हलायला लागला. गेले तीन आठवडे ज्या गाण्याची तालीम केली होती त्यातली एकही ओळ आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की येशूच्या जन्माच्या रात्री मरीयेला उतरायला जागा मिळाली नव्हती... हे मी लहानपणापासून दर नाताळात ऐकत आले होते. जागा नाही म्हणणारा माणूस कसा असेल, याचा विचार कधी केला नव्हता. तो माझ्यासारखाच घाईत असेल.

“गाडी वळवा,” मी म्हणाले.

तो आधीच हळू झाला होता. “पुढच्या वळणावर वळवणारच होतो.”

“मग मगाशीच का नाही वळवलीत?”

“तुम्ही सांगताय का, त्याची वाट बघत होतो.”

साखरबाई तशाच दगडावर बसलेल्या. मी खाली उतरून त्यांचं बोचकं उचललं आणि म्हणाले, “मावशी, आमच्याकडं आज पाहुणे लागतात. चला.”

“मला बघून तुझी आय काय म्हणंल?”

“ते तीच सांगेल.”

आईनं दार उघडलं तेव्हा सहाला दहा कमी होते. ती उपासनेला निघण्याच्या तयारीत होती. तिनं प्लास्टर पाहिलं, धुळीनं भरलेले पाय पाहिले आणि पदर खोचला. “बरं झालं आणलंस. सकाळपासून घर नुसतं गप्प होतं.” मग मला म्हणाली, “तू जा. मी यांना जेवू घालते. उजवा हात बांधलाय, एकट्या कशा जेवतील?”

मी निघताना ती साखरबाईंना करंजी भरवत होती. फेब्रुवारीनंतर तिला कुणाशी इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

चर्चमध्ये पोहोचलो तेव्हा पहिलं गाणं होऊन गेलं होतं. ते जोसेफकाकांनी म्हटलं, फार बरं नाही म्हटलं म्हणे. आमची शेवंती उशिरा पोहोचली. बायकांनी जुड्या उचलल्या आणि प्रार्थना चालू असतानाच एकेक करत वेदीपाशी नेऊन ठेवल्या. शेवटच्या गाण्याला मी उभी राहिले, तेव्हा मागच्या भिंतीपाशी सत्यजीत दिसला. हात जोडलेले. अख्ख्या चर्चमध्ये तो एकटा अनवाणी होता. बूट बाहेर काढून आला होता. मला ओळीच्या मधेच हसू आलं आणि सूर थोडा हलला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “गाताना हसायचं असतं का तुमच्यात?”

“बूट घालून यायचं असतं.”

“देवाच्या दारात? नको.” मग जरा थांबून, “मावशींच्या टोळीचं मी बघतो.”

नाताळच्या दुपारी तो आला, तो साखरबाईंच्या मुलाला घेऊनच. पहाटेपासून भिगवणच्या रस्त्यावर उसाचा एकेक फड विचारत फिरला होता. मुलाचा फोन पाण्यात पडला होता, आणि तोही आईला शोधत शिरूरपर्यंत जाऊन आला होता. साखरबाई रडल्या, मग मुलाला रागावल्या. आईनं फराळाची ताटं भरली. आदल्या दिवशी राहिलेली गल्ली आम्ही पाचहीजण मिळून फिरलो. साखरबाई प्रत्येक दारात सांगत होत्या, “मी मोनिकाची पाहुणी.”

मायलेकांना बसमध्ये बसवून सत्यजीत आमच्या घरी सांगून जायला परत आला, मग गाडीकडे वळला. मी फाटकापाशी उभी होते.

“मला काल झोप न्हाई लागली,” तो म्हणाला.

“टोळीची काळजी?”

“ती बी व्हती...” तो किल्लीशी चाळा करत राहिला. “पण निम्मीच.”

मी वाकडंच बोलले. “मी ख्रिस्ती आहे.”

“माहितेय. काल सगळं चर्च फिरून पाहिलं की.”

“आणि मी मावशींना गेटवर सोडून निघाले होते. ते तुम्ही बघितलंत.”

“परत आलेली बी मीच बघितली.”

रस्त्यावर एक सायकल गेली. आम्ही दोघंही ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिलो.

“घरी काय म्हणतील तुमच्या?” मी विचारलं.

“आई रडंल. आप्पा आठ दिवस बोलायचे न्हाईत.”

“मग?”

“मग नवव्या दिवशी पुन्यांदा सांगीन.”

मी खाली बघितलं. “मलाही झोप नाही लागली,” मी म्हणाले. “आणि मला मावशींची काळजी नव्हती. त्या आईच्या शेजारी घोरत होत्या.”

तो गाडीत बसला, गाडी सुरू केली. दोन क्षण इंजिन नुसतंच घरघरलं. मग त्यानं किल्ली फिरवून ते बंद केलं आणि खाली उतरला.

“जेवायला थांबू का?”

“आईनं तुमचं ताट मघाशीच वाढलंय,” मी म्हणाले आणि फाटक उघडलं.