पडद्याआडची हाक

पेज संपवायलाच हवी होती. भांडं मुदपाकखान्यात भरलेलं परत गेलं असतं, तर दुपारपर्यंत साऱ्या येदो शहरात कुजबुज झाली असती, की किरिसावाचे धनी जेवत नाहीत... आणि का जेवत नाहीत, हेही कुणीतरी विचारलंच असतं! म्हणून आपल्या मेलेल्या मुलाच्या उशाशी ताठ बसून केइशुइन बाईसाहेब त्याच्या वाट्याची पेज खात होत्या. घासामागून घास गिळत होत्या, खारवलेलं आंबट फळ चोखून बी ताटलीत ठेवत होत्या, आणि डोळ्यांतून टिपूससुद्धा काढत नव्हत्या. दाराशी उभ्या असलेल्या इओरीला ते पाहवेना.

"आत ये. दार लाव," मान वर न करता त्या म्हणाल्या. "आणि रडायचं नाही. या घरात अजून कुणी मेलेलं नाही."

इओरी आत आला. आठ वर्षांचा असताना याच बाईंनी त्याचं मुंडण करवून त्याला शहराबाहेरच्या मठात धाडलं होतं. त्यानंतर आज पहिल्यांदाच तो या खोलीत पाऊल टाकत होता. समोर पांढऱ्या चादरीखाली हारुनागा निजला होता... त्याचा धाकटा भाऊ, किरिसावाचा धनी! उभं तारुण्य, पोटी मूल नाही, आणि तापाच्या एका झटक्यात सगळा खेळ आटोपला होता. लहानपणी हा हारुनागा त्याच्या पाठीवर बसून अंगणभर घोडा घोडा करायचा. इओरीच्या छातीत कळ उठली आणि त्याने ती तिथेच दाबली.

कारभारी मुराकोशी कोपऱ्यात बसले होते. म्हातारे तीन धन्यांच्या हाताखाली केस पांढरे करून बसलेले, जिभेला धार तशीच.

"थोरले, थोडक्यात सांगतो," ते म्हणाले. "सरकारी तपासनीस त्सुगे आज दुपारी येतायत. धन्यांनी जिवंतपणी त्यांच्यासमोर दत्तकाचं नाव घ्यायचं नि मोहोर उठवायची. मेल्यावरचं दत्तक सरकार मानत नाही. संस्थान खालसा! मग तुमच्या आजोबांनी लढाईत मिळवलेलं, तुमच्या वडिलांनी कालवा खणून जगवलेलं किरिसावा गेलं म्हणून समजा. तांदळापेक्षा धुकंच जास्त पिकतं तिथं, पण चारशे घरं त्यावर जेवतात."

"मग पडद्याआड कुणालाही निजवा. तपासनीस आत डोकावत नाहीत, अशीच रीत आहे ना?"

"दुसरा कुणी असता तर निजवलाच असता. हे त्सुगे गाण्याचे वेडे. धन्यांबरोबर बसून नाटकातली पदं म्हणायचे. आवाज ऐकल्याशिवाय हलणार नाहीत. आणि धन्यांचा आवाज या जगात फक्त तुमच्या गळ्यात आहे, मठात येऊन ऐकलाय मी."

खरंच होतं ते. दोघा भावांना वडिलांचा तोच खर्जातला, किंचित घोगरा आवाज मिळाला होता. इओरीच्या आईकडून मात्र त्याला एकच गोष्ट मिळाली होती... दासीपुत्र हे नाव!

"दत्तक कोण?" त्याने विचारलं.

मुराकोशींनी बाईसाहेबांकडे पाहिलं. "मी तर म्हटलं होतं, रक्ताचा भाऊ जिवंत असताना..."

"चुलत घराण्यातला सेइतारो," बाईसाहेब मध्येच म्हणाल्या. "तेच नाव घ्यायचं. दुसरं नाही."

"आणि आणखी एक," मुराकोशींनी आवाज खाली आणला. "त्सुगे तुम्हाला इतरत्र कुठं भेटले, नि तुम्ही नुसतं 'बरं आहे ना' जरी म्हणालात, तरी त्यांना सगळं कळेल. तेव्हा हे काम झालं, की थोरले... तुमचा आवाजही धन्यांबरोबरच पुरायचा. मठात मौन घ्यायचं. कायमचं."

म्हणजे गादी सेइतारोला, आणि इओरीला तोंडही उघडायची बंदी! लहानपणी या बाईंनी त्याचं घर काढून घेतलं, आता उरलासुरला आवाजही मागत होत्या, आणि तोही हात न जोडता! संतापाने त्याचे कान तापले. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात तो विचार आला... पडद्याआड धन्याच्या आवाजात बोलणारा मीच, मोहोर माझ्याच हातात, मग नाव कुणाचं घ्यायचं ते यांनी का ठरवावं?

"निजतो," तो म्हणाला.

शव आतल्या खोलीत हलवलं गेलं. इओरी भावाच्या ऊबहीन अंथरुणात शिरला. आजारी माणसाला बांधतात तो जांभळा फडका कपाळावरून गुंडाळल्यावर मुंडण झाकलं गेलं. बाईसाहेबांनी स्वतःच्या हाताने गाठ मारली, पण त्याच्या नजरेला नजर दिली नाही. त्याला कूस बदलवेना, गप्प पडवेना. बाहेर छपरावरचा बर्फ घसरून धप्पकन पडला तरी तो दचकत होता. इओरी... इओरी... स्वतःचंच नाव तो ओठांतल्या ओठांत घोळवत होता. त्सुगे ओळखतील? ओळखू देत! संस्थान बुडेल? बुडालं तर बुडू दे! कोण लागतं ते माझं?

त्सुगे आले. पडद्यापलीकडे रेशमी वस्त्रांची सळसळ झाली. बाईसाहेब पडद्याच्या कडेला, त्याच्या हाताशी बसल्या.

"हारुनागासाहेब, कसं वाटतंय?" त्सुगेंचा आवाज मऊ होता. "तुमच्याशिवाय आमची बैठक सुनी पडलीय हो. एक शब्द तरी बोला."

कुठून सुरुवात करावी? हारुनागा आजारात पहिल्यांदा काय म्हणाला असता? आणि विचार करायच्या आतच शब्द बाहेर पडले...

"आईसाहेब... पाणी."

कितीतरी वर्षांत त्याने तो शब्द उच्चारला नव्हता! एकदा अगदी लहानपणी, हारुनागाचं ऐकून, तो तसा हाक मारत धावत गेला होता. तेव्हा त्या थंडपणे म्हणाल्या होत्या, "तुझ्यासाठी बाईसाहेब." त्यानंतर तो शब्द त्याने गिळला होता, तो आज मेलेल्या भावाचं तोंड घेऊन बाहेर आला.

पडद्याशी काहीतरी कोसळल्यासारखा आवाज झाला. केइशुइन बाईसाहेब हुंदका देऊन रडत होत्या! दात दाबून अडवलेलं सगळं रडणं एका हाकेने बांध फोडून बाहेर आलं होतं. मुराकोशींचा चेहरा पांढराफटक पडला.

"रडू द्या त्यांना," त्सुगे हळूच म्हणाले. "आईच ती."

तेवढ्यात पडद्याखालून एक हात आत आला. सुरकुतलेला. त्या हाताने इओरीचं मनगट असं घट्ट धरलं, की त्याला दुखलं. पाणी पाजायच्या निमित्ताने त्या आत वाकल्या, आणि अगदी कानाशी, श्वासाएवढ्या आवाजात म्हणाल्या, "तुझं नाव घे. तुझं! मी आंधळी होते रे... गादी तुझीच आहे."

इओरीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत आज कुठलाही हिशेब नव्हता, नुसती एक म्हातारी, पोर गेलेली बाई होती. हेच तर त्याला हवं होतं! गादी नको होती, संस्थान नको होतं... या डोळ्यांनी आपल्याकडे एकदा असं पाहावं, एवढंच! आणि ते मिळताच त्याच्या मनातला सगळा जाळ विझून गेला. त्याने आपलं नाव घेतलं, तर उद्या त्याला याच त्सुगेंसमोर बसून बोलावं लागणार होतं. हाच आवाज ऐकून ते चमकणार होते. मग किरिसावा जाणार, ती चारशे घरं उघड्यावर पडणार, आणि ही बाई या वयात सरकारच्या शिक्षेला सामोरी जाणार. आता मात्र ते बुडू दे म्हणणं त्याला जमेना.

त्याने नकारार्थी मान हलवली. मग वडिलांच्या, भावाच्या, आणि स्वतःच्याही त्या घोगऱ्या आवाजात, पडद्यापलीकडे स्पष्ट ऐकू जाईल असं म्हणाला, "चुलत घराण्यातला सेइतारो. माझ्यामागे... तोच धनी."

"इओरी..." बाईसाहेबांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मोहोर उठली. त्सुगेंनी खोलवर लवून नमस्कार केला. ते किती वेळ लवूनच राहिले होते, हे मुराकोशींनी पाहिलं आणि त्याबद्दल कुणाशी एक चकार शब्द काढला नाही. त्या संध्याकाळी किरिसावाचे धनी रीतसर वारले, आणि घरातल्या सगळ्यांना रडायची मोकळीक मिळाली.

इओरीने मौन घेतलं. मठातल्या लोकांना वाटलं, भावाच्या दुःखाने घेतलं असेल. तो ओसरी झाडायचा, घंटा वाजवायचा, आणि कुणी काही विचारलं तर हसायचा. दरसाल हारुनागाच्या श्राद्धाला केइशुइन बाईसाहेब पालखीतून यायच्या, त्याच्यासमोर बसून घरचं सांगायच्या. सेइतारोला मुलगा झाला, यंदा कालव्याचं दार दुरुस्त केलं, मुराकोशी म्हातारपणी फार कुरकुरतात, दात पडले तरी जीभ आहे तशीच... इओरी ऐकायचा. आणि त्या गेल्यावर त्याच्या मनाला एकच विचार कुरतडत राहायचा. या येतात त्या कुणासाठी? त्यांना मी दिसतो, की माझ्या गळ्यात अडकलेला हारुनागा?

अशी बरीच वर्षं गेली. एका वर्षी त्या काठी टेकत, दासीलाही बाहेर थांबवून, एकट्याच आत आल्या.

"त्सुगे वारले," त्या म्हणाल्या. "आता ओळखणारा कान उरला नाही. बोल इओरी... एकदा मला हाक मार."

आतून काहीतरी धडपडत वर येत होतं, आणि त्याला त्याचीच भीती वाटत होती. शेवटी त्याने तोंड उघडलं. इतक्या वर्षांचा गंज बसलेला घसा! जे बाहेर पडलं ते चिरकं, फाटकं होतं. त्यात वडिलांचा खर्ज नव्हता, हारुनागाचा तर लवलेशही नव्हता.

"आईसाहेब..." तो म्हणाला, आणि शरमेने खाली पाहू लागला. "माफ करा. त्याचा आवाज... राहिला नाही हो माझ्यात."

म्हातारीने काठी बाजूला ठेवली आणि त्याचं मुंडण केलेलं डोकं दोन्ही हातांनी छातीशी ओढून घेतलं.

"त्याचा ऐकायला नाही आले रे मी," ती रडत रडत म्हणाली. "आणि आईसाहेब तो म्हणायचा. तू नुसतं आई म्हण."