तेजलची गोष्ट कुणी संपवली

नॅटली, मोबाईल ठेव खाली. क्रिस, तूपण. ऐकायचंय ना? मग मधे बोलायचं नाय.

आपल्या मरोळ गावठाणातला व्हर्नन, माझ्याबरोबर बँकेत होता तो. गेल्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी, रात्री साडेअकराला इस्पितळात गेला, चष्मा आणायला. विसरला वगैरे काही नव्हता. मुद्दाम ठेवून आला होता, लबाड!

रिटायर झाल्यापासून तो रोज संध्याकाळी तिथे कॅन्सरच्या पोरांना गोष्टी सांगायचा. वॉर्डाचा नियम एकच: गोष्ट संपवायची नाही. ऐन रंगात थांबायचं, 'उद्या सांगतो' म्हणायचं. पोराला उद्याची ओढ लागली पाहिजे, कळलं? कुठे थांबलो ते वहीत लिहायचं. व्हर्ननच्या आधी हे काम चंद्रप्रकाश मास्तर करायचे. वही त्यांचीच, पानंच्या पानं हिरव्या शाईत. दोन वर्षांपूर्वी वारले.

आणि त्या वॉर्डातली मानखुर्दची तेजल, नऊ वर्षांची, व्हर्ननला तोंडावर म्हणाली, "तुमच्यापेक्षा रात्रीचे अंकल भारी सांगतात. हिरवं पेन असतं त्यांच्या खिशाला."

व्हर्ननचा नुसता जळफळाट! मला म्हणतो, "डेनिस, घसा मी फोडतो आणि कौतुक त्या मेलेल्याचं?" अरे, मेलेल्यावर कसला जळतोस, म्हटलं. पण ऐकेल तर शपथ.

तर, ल्युसी सिस्टरने आत सोडलं, रोजचा माणूस म्हणून. चष्मा खिशात टाकला. वॉर्डात निळा दिवा. तेजलच्या खाटेशी प्लास्टिकची खुर्ची. रिकामी. तेजल खुर्चीकडे बघून हसत होती.

"मग होडी खाडीत अडकली... पुढे?"

व्हर्ननला खुर्चीतून काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तिचं हसू दिसत होतं. त्याच्या गोष्टीला ती असं कधी हसली नव्हती. डोकंच फिरलं त्याचं. पुढे होऊन म्हणाला, "पुढे काय? होडी किनाऱ्याला लागली. संपली गोष्ट!" वर वहीत लिहिलंपण, निळ्या पेनाने. 'संपली.'

तेजलचं हसू गेलं.

"अंकल... का संपवली?"

डोळे मिटले तिने. एक श्वास... मग नाहीच. मशीन ओरडायला लागलं. ल्युसी धावली. पडदा ओढला. व्हर्नन बाहेर.

"चुकलं माझं, मास्तर," तो रडायलाच लागला. "मी जळलो तुमच्यावर. तुम्हीच सांगा तिला. ती तुमचीच राहू दे..."

मशीन ओरडतंय...

थांबलं.

पडद्याआडून बारीक आवाज आला. "पुढे?"

वाचली रे पोरगी. आता घरी आहे, शाळेत जाते.

पण पहाटे व्हर्ननने वही उघडली. ल्युसी सांगते, त्यानंतर रात्रभर वहीला कुणी हात लावला नव्हता. 'संपली'वर आडवी रेघ मारलेली. खाली हिरव्या शाईत एवढंच, 'उद्या सांगतो.'

त्याने बोट फिरवलं. शाई बोटाला लागली.