पान एकशे बारा

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बैरुतमधल्या एका जुन्या इमारतीत वीज गेली आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत वदीह होता, आणि एक अनोळखी बाई.

"घाबरू नका," तो म्हणाला.

"मी इथंच राहते. घाबरायचं तर तुम्ही घाबरा... जनरेटरवाला झोपलाय."

मोबाइलच्या उजेडात तिला त्याच्या पिशवीतली पुस्तकं दिसली. किटलीत बसून समुद्र ओलांडणाऱ्या मुलीची कादंबरी. लहानपणी घरोघरी असायची. तिच्याच अकरा प्रती.

"दुकान आहे?"

"कलाकार आहे. आई बेकार म्हणते."

ती हसली. मग त्यानं सांगितलं – युद्धात मुलं तळघरात हे पुस्तक मोठ्यानं वाचायची. तोफा थांबल्या की तिथंच पेन्सिलीची खूण करायची. तशा प्रती तो जमवत होता. ज्याची प्रत, तो येऊन खुणेपासून पुढचं वाचायचा. वदीह ते ध्वनिमुद्रित करायचा. शेवटी सगळे आवाज तो एकदमच ऐकवणार होता.

"नुसता गोंगाट होईल."

"हो. पण मध्येच कुणाचा तरी श्वास ऐकू येतो."

तिनं पिशवीतली एक प्रत काढून पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं.

तिचं नाव जुमाना. त्यानंतर दर मंगळवारी चारला तो तिच्याकडे यायचा.

"तुमची लिफ्ट हल्ली अडकत नाही," तो कुरकुरायचा.

"जनरेटरवाल्याला झोपेची गोळी देऊ?"

सहाव्या मंगळवारी त्यानं लग्नाचं विचारलं. तेव्हा तिनं घरातली प्रत दाखवली. पान एकशे बारा, भावाची खूण. एकोणनव्वद साली हा भाऊ, हानी, पाव आणायला तळघरातून वर गेला. "आलो की पुढचं," म्हणाला होता. नाक्यावरून बंदूकधाऱ्यांनी त्याला उचलून नेलं. त्याचं नाव मेलेल्यांच्या की कैद्यांच्या, कुठल्याच यादीत नाही. आई अजून त्याचं ताट मांडते.

"पान उलटलं, की मीच त्याला मारलं. नऊ वर्षांची असताना ठरवलंय मी हे."

"मला पुस्तक नकोय, जुमाना. तू हवी आहेस."

"दोन्ही त्याच पानावर अडलीयत रे..."

काल ती पुस्तक घेऊन त्याच्या खोलीवर आली. "आई म्हणाली, वाच. तिलाही पुढचं ऐकायचंय."

वाचणारा खोलीत एकटा, हा वदीहचाच नियम. यंत्र सुरू करून तो बाहेर आला. पावणेपाचला आतून कागद सळसळला – पान उलटल्याचा आवाज, की पुस्तक मिटल्याचा, त्याला कळलं नाही.

साडेपाचला तो जिन्यातच होता, दोन कप गार कॉफी घेऊन. दार बंद होतं.